मुलीला पाइपच्या स्पर्धेत उतरवू का?

तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, स्टर्लिंगला शाळेत दोन वर्षं बॅगपाइप शिकते आहे, आणि तिचे शिक्षक या उन्हाळ्यात तिला स्पर्धेत उतरवायचं म्हणतात. तुमची शंका अशी की जे संगीत लग्नात, नाचाला, मयताच्या वेळी वाजत आलं, त्याला क्रमांक कसले द्यायचे? परीक्षकांचे नियम स्कॉटलंडच्या परंपरागत संगीताला मानवतात का?

मी ग्लासगोत २२ वर्षं राहते आहे. वडील फौजेत होते. भारतीय पायदळाच्या पुष्कळ पलटणींत इंग्रजांच्या वेळेपासून पाइप बँड आहेत, त्यामुळे हा आवाज लहानपणीच कानावर पडला होता. प्रत्यक्ष शिकले ते इथे, तिशी उलटल्यावर. खालच्या ग्रेडच्या बँडमधून बारा हंगाम स्पर्धांमध्ये वाजवलं आणि आता आठवड्यातले दोन दिवस मुलांना चँटर, म्हणजे पाइपची बोटांनी वाजवायची नळी, शिकवते. तेव्हा जे सांगते आहे ते बँडच्या वर्तुळात उभं राहून आणि वर्तुळाबाहेर मुलांचे कोट सांभाळत बसून पाहिलेलं आहे.

पाइपला स्पर्धा मानवते, असं माझं मत आहे, कारण आज पाइपचं म्हणून जे संगीत आपण ऐकतो त्यातलं बरंचसं स्पर्धेतच घडलं. ते घडताना काय गळून पडलं, एवढं मात्र शिकवणाऱ्याला आणि आईवडिलांना ठाऊक असायला हवं. गाण्याचं आणि फिडलचं (लोकसंगीतातल्या व्हायोलिनचं) उत्तर वेगळं आहे, ते पुढे देते.

आधी वाद्याकडे बघा. हायलंड पाइपच्या चँटरवर नऊच सूर निघतात. आवाज लहान-मोठा करता येत नाही, आणि पिशवीत हवा आहे तोवर सूर थांबवताही येत नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषभर स्पर्श द्यायचा. आपल्याकडे ज्याला कण म्हणतो तो इथे शोभेपुरता नाही. त्याच्यावाचून दोन सूर वेगळे ऐकूच येणार नाहीत. जोर द्यायचा तोही कणांनीच, आणि काळ थोडा ताणून किंवा आखडून. या कणांचे ठरावीक गुच्छ आहेत, त्यांना नावं आहेत, बोटांचा क्रम ठरलेला आहे. तो गुच्छ स्वच्छ पडला की घसरला, हे सरावलेल्या कानाला लख्ख कळतं. म्हणून पाइपवादन तपासायला सोपं आहे. तीन परीक्षक वेगवेगळे बसवले तरी घसरलेल्या बोटांबद्दल त्यांचं एकमत होतं. सतारीच्या मिंडेबद्दल असं एकमत व्हायचं नाही.

स्पर्धेचा इतिहासही जुना आहे. १७४६ साली कलोडनच्या लढाईनंतर हायलंडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातली, जुनी कुळव्यवस्था मोडत गेली आणि कुळाच्या प्रमुखाने पोसलेला पायपर निराधार झाला. १७७८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या हायलंड सोसायटीने १७८१ साली फॉलकर्कच्या गुरांच्या बाजारात पहिली पाइप स्पर्धा भरवली. पुढे ती एडिनबराला गेली आणि १८४४ पर्यंत चालली. १७८४ च्या एडिनबराच्या स्पर्धेला ॲडम स्मिथ हजर होता. तोच, अर्थशास्त्रवाला. त्याने सोबत फोजा द सँ-फों नावाच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाला नेलं होतं. त्या पाहुण्याला सुरुवातीला त्या आवाजात ना चाल सापडली ना रचना, पण आजूबाजूच्या श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मी मुलांना ही गोष्ट दरवर्षी सांगते. त्या दिवशी परीक्षक म्हणून बसले होते ते हायलंडमधले आणि बेटांवरचे जमीनदार. त्या संगीतावर त्यांचं प्रेम होतं, पण स्वतः वाजवणारे त्यांच्यात थोडेच.

इथून खरी अडचण सुरू झाली. तेव्हा स्पर्धेत वाजायचं ते पीब्रॉख, म्हणजे गेलिकमधलं, हायलंडच्या जुन्या भाषेतलं, ‘क्योल मोर’, थोरलं संगीत. आधी ‘ऊर्लर’, म्हणजे जमीन: संथ मूळ चाल. मग तिच्यावर विस्तार, एकाहून एक दाट, शेवटी ‘क्रुनलुआ’ नावाच्या कणांच्या गुच्छांनी प्रत्येक सूर मढवलेला, आणि पुन्हा जमिनीवर येऊन थांबणं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त. आपल्या माणसाला विलंबित ख्यालाची आठवण होते, ती साहजिक आहे. हे शिकवलं जायचं तोंडी. त्याची अक्षरांची एक भाषाच होती, ‘कांतरख्क’: ‘हिहारिन’, ‘होद्रोहो’ असे बोल गुरू गात असे आणि शिष्य बोटांत उतरवत असे. पखवाजाचे बोल तोंडाने म्हणून घेतात, अगदी तसंच. १७९७ च्या सुमारास कॉलिन कॅम्पबेलने अशा बोलांत शेकडो पानं भरून ठेवली, ती हस्तलिखितं आजही आहेत.

जमीनदार परीक्षकांना हे बोल वाचता येत नव्हते. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपीतलं पान समोर हवं होतं. म्हणून सोसायटीने स्वरलिपीत लिहून देणाऱ्यांना बक्षिसं लावली. १८२० च्या सुमारास डोनाल्ड मॅकडोनाल्डचं पुस्तक आलं, १८३८ मध्ये अँगस मॅकायचं. दोघांची लिखावट बऱ्याच ठिकाणी जुळत नाही, कारण दोघे वेगळ्या परंपरांतून आले होते आणि एकच चाल दोन घरांत दोन प्रकारे वाजायची. ही विविधता चूक नव्हती, तीच त्या संगीताची प्रकृती होती. पण स्पर्धेत परीक्षकासमोर एकच पान उघडं असतं. कालांतराने मॅकायच्या पुस्तकाचा वरचष्मा झाला आणि पान म्हणजेच चाल अशी समजूत रुजली.

१९०३ मध्ये पीब्रॉख सोसायटी स्थापन झाली. १९२५ पासून तिने नव्याने ग्रंथमालिका काढली आणि तिचं संपादन आर्चिबाल्ड कॅम्पबेल ऑफ किलबेरी यांनी केलं. हे गृहस्थ ब्रिटिश काळात हिंदुस्थानात सनदी सेवेत न्यायाधीश होते. त्यांची मेहनत मोठी, त्यांच्याशिवाय पुष्कळ चाली आज हाताशी नसत्या, हे मी मनापासून मानते. पण त्या पुस्तकांनी काळाचं ताणणं-आखडणं एका ठरावीक साच्यात लिहिलं, आणि स्पर्धेच्या चालींची यादीही सोसायटीच ठरवत असे. सुवर्णपदकासाठी ओबनच्या किंवा इनव्हरनेसच्या मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या वादकाने वेगळ्या घराण्याची लय वाजवायची ती कुठल्या धीरावर? वर्षभर घासलेली चाल ‘चुकली’ म्हणून बाद व्हायची. त्याच काळातले इनव्हरनेसचे जॉन मॅकडोनाल्ड, विसाव्या शतकातल्या थोर गुरूंपैकी एक, शिष्यांना गाऊन शिकवायचे. गाण्यातलं लयीचं डोलणं पानावर येत नाही, हे त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांकडून मी स्वतः ऐकलं आहे.

अजूनही ओबन आणि इनव्हरनेस हीच सर्वोच्च व्यासपीठं आहेत. वादक चालींची यादी देतो, त्यातली कुठली वाजवायची हे परीक्षक ऐनवेळी सांगतात. सगळं तोंडपाठ. परीक्षकांच्या टेबलावर पुस्तक उघडं असतं. गुण दिले जात नाहीत, आपसांत बोलून क्रमांक लावतात. सुखाची गोष्ट म्हणजे गेल्या काही दशकांत जुन्या हस्तलिखितांमधली वेगळी रूपं वाजवायला मोकळीक वाढली आहे. कुठलं रूप वाजवणार ते आधी कळवायचं, म्हणजे परीक्षक तेच पान उघडतात. माझ्या मते नियमांतली ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे. पण वाजवणाऱ्यांच्या मनातली भीती नियमाइतक्या लवकर बदलत नाही. मी दोन अतिशय गुणी तरुण पाहिले आहेत, घरी डोनाल्ड मॅकडोनाल्डच्या पुस्तकातलं रूप काय सुंदर वाजवतात, आणि पदकाच्या दिवशी नेहमीचंच.

न्याय्य बोलायचं तर स्पर्धेने दिलेलंही मोजायला हवं. ‘क्योल बेक’, म्हणजे धाकटं संगीत, त्यात मार्च (कूचाची चाल), स्ट्रॅथस्पे आणि रील (दोन्ही नाचाच्या चाली) आले. यांतले चार भागांचे मोठे मार्च एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्पर्धेच्या फळीवर वाजवण्यासाठीच रचले गेले. जॉन मॅककोल, विल्यम लॉरी, जी. एस. मॅक्लेनन ही माणसं स्वतः कसलेले स्पर्धक होती. त्यांच्या रचना कठीण आहेत, पण नुसत्या कसरती नाहीत. मॅक्लेननच्या चाली मी वाजवते तेव्हा प्रत्येक वेळी काहीतरी नवं सापडतं. स्पर्धा नसती तर हे संगीतच नसतं. त्यामुळे ‘स्पर्धेने परंपरा बिघडवली’ असं सरसकट म्हणणारा माणूस भेटला की मी त्याला या तिघांची नावं सांगते.

आता बँड. तुमची मुलगी बहुधा शाळेच्या बँडमधूनच जाईल, म्हणून हे नीट समजून घ्या. रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन ही १९३० साली स्थापन झालेली संस्था. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर भरते. वरच्या ग्रेडचे बँड दोन प्रकार वाजवतात: एक मार्च-स्ट्रॅथस्पे-रीलचा ठरलेला संच, दुसरी मेडली, पाच ते सात मिनिटांची, त्यात आपल्या निवडीच्या चाली. साधारणपणे चार परीक्षक: दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळाचा. प्रत्येक जण क्रमांक लावतो, क्रमांकांची बेरीज करतात, कमी बेरीज तो वर. बरोबरी झाली तर मेळाच्या परीक्षकाचा कौल धरतात.

कागदावर हे सुबक दिसतं. मैदानावर काय होतं ते बघा. बँड चालत येतो, वर्तुळ करतो, सगळ्यांची तोंडं आत. प्रेक्षकांना पाठी दिसतात. परीक्षक वर्तुळाभोवती फिरत टिपणं करतात. सुरुवात सगळ्यांची एकदम व्हायला हवी: ड्रमचे दोन रोल, ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) एकत्र सुरू, मग चँटर. माझ्या तिसऱ्या हंगामात एका स्पर्धेत माझा चँटर अर्धा ठोका आधी बोलला. पाच मिनिटं आम्ही जीव तोडून वाजवलं, पण पाइपच्या दोन्ही परीक्षकांच्या कागदावर पहिली ओळ तीच होती. घरी येऊन मी रडले. सुरुवात बिघडली हे खरंच होतं, शेरा चुकीचा नव्हता. पण त्यानंतर पुढचा सबंध हिवाळा आमच्या सरावाचा पहिला अर्धा तास नुसत्या सुरुवातीला जाऊ लागला, आणि नवी चाल एकही बसली नाही. स्पर्धा सरावाचा वेळ कसा वाटून घेते, हे मी तेव्हा शिकले.

सुराचंही तसंच. विसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत पाइपची पट्टी सतत चढत आली आहे. कोणी नियम केला नव्हता. चढा, झळझळीत आवाज मैदानावर लांब पोचतो, जिंकणाऱ्याचं बाकीचे उचलतात, आणि तसं तसं वर जात राहतं. इथल्या जुन्या चँटरशी आता बँडचा सूर जुळतच नाही. दुसरीकडे, पंधरा-वीस पाइप एका सुरात मिळवण्याची जी कला या स्पर्धेने जगभर पोचवली तिला तोड नाही. १९८७ मध्ये कॅनडाच्या ७८व्या फ्रेझर हायलंडर्सनी ग्लासगोत जागतिक विजेतेपद नेलं, तेव्हा ते स्कॉटलंडबाहेर समुद्रापलीकडे पहिल्यांदाच गेलं. त्यांच्या मेडलीतला मोकळेपणा नंतर इथल्याही बँडांनी उचलला.

स्ट्रॅथस्पेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण स्पर्धेने सगळ्यात जास्त नुकसान केलं ते याचं. स्ट्रॅथस्पे म्हणजे नाचाची चाल. आखूड सुराला चिकटून लांब सूर, त्या झटक्यावर पाय उचलतो. स्पर्धेत तो हळूहळू जड झाला. प्रत्येक गुच्छ ऐकू यावा म्हणून वादकाने वेळ घेतला, परीक्षकाला ते आवडलं, आणि काही पिढ्यांत त्यावर नाचणंच अशक्य झालं. स्काय बेटावरच्या एका गावच्या सभागृहात जानेवारीत मी एका वयस्क गृहस्थांना ऐकलं. खुर्चीवर बसून, दोन्ही पाय जमिनीवर ठोकत पाइप वाजवत होते. निम्मे गुच्छ त्यांनी सोडूनच दिले होते. समोर आठ जण नाचत होते आणि एकाचंही पाऊल अडखळत नव्हतं. स्पर्धेत त्यांना कोणी शेवटचाही क्रमांक दिला नसता. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथून गेलेल्या गेलिक लोकांनी नाचाची ती जुनी लय विसाव्या शतकातही टिकवली, कारण तिथे वाजवणाऱ्याचा परीक्षक समोर नाचणारा होता. माझं जुनं मागणं आहे की मुलांच्या स्ट्रॅथस्पे-रीलच्या स्पर्धेत परीक्षकांसोबत एक नाचणारा बसवावा आणि त्याचा क्रमांक बेरजेत धरावा. अजून कुठे मान्य झालेलं नाही, पण मी दरवर्षी लिहिते.

फिडलची गोष्ट लहान आहे. पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा नील गाऊ अठरा वर्षांचा असताना, १७४५ साली, एका स्पर्धेत उतरला. परीक्षक होते जॉन मॅक्रॉ, दृष्टी नसलेले वादक. त्यांनी त्याला पहिला नंबर दिला, आणि शंभर वादकांत नीलचा गज मी ओळखेन असं म्हणाले. स्पर्धा फिडललाही नवी नाही, पण त्या परीक्षकासमोर पान नव्हतं. ओळखायचा होता तो माणसाचा हात. फिडलवर आवाज लहान-मोठा होतो, गज हजार तऱ्हांनी फिरतो, शेटलंड बेटांचा हात वेगळा आणि ईशान्येकडचा वेगळा. हे सगळं एका गुणपत्रिकेत बसवलं की शाळेतल्या व्हायोलिनच्या परीक्षेसारखं काहीतरी हाती येतं. मुलगी फिडलकडे वळली तर स्पर्धेची घाई करू नका, तिला सेशनला, म्हणजे वादक जमून वाजवतात त्या बैठकीला, पाठवा.

गाण्याला तर मी स्पर्धा मुळीच सुचवत नाही, निदान लहान वयात. १८९१ मध्ये ओबनला अन कोमन गेलख ही संस्था निघाली आणि १८९२ पासून ती गेलिकचा मोठा उत्सव भरवते, मॉड. भाषेसाठी तिने केलेलं काम फार मोठं आहे. तिथे गेलिकचे परीक्षक वेगळे, संगीताचे वेगळे, आणि ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. उच्चार मारून सुरेल गाणारा तिथे सहज सुटत नाही. पण संगीताचा निकष बराच काळ शहरी मैफलीच्या गळ्याकडे झुकलेला राहिला. गेलिक गाण्याची लय बोलण्यातून येते, कडव्यागणिक शब्दांबरोबर चाल हलते. पानावर ती एकाच कडव्याला बांधली जाते. आणि ‘ओरान लुई’ घ्या: हेब्रिडीज बेटांवर बायका ओलं लोकरी कापड टेबलावर आपटत गायच्या, एक सांगायची, बाकीच्या झेलायच्या, आणि कापड पुरेसं घट्ट झालं की गाणं संपायचं. आपल्याकडे जात्यावरची ओवी दळणाबरोबर संपते, तशी. तिला तीन मिनिटं आणि व्यासपीठ दिलं की उरतं ते वेगळंच काही असतं. १९५३ मध्ये लोकगीतं गोळा करणारे हेमिश हेंडरसन यांना ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटल्या, भटक्या समाजातल्या, लांबलचक कथागीतं आपल्या आईकडून शिकलेल्या. त्यांचं गाणं ध्वनिमुद्रणात ऐका. तिथे ‘आवाजाची फेक: दहापैकी किती’ लिहायला माझा हात उठणार नाही.

आता तुमच्या मुलीचं. तिला उतरवा. पाइपच्या मुलांना वर्गाबाहेरचे कान मिळतात ते मुख्यतः स्पर्धेतच, आणि सोबतची मुलंही तिथेच भेटतात. पण शिक्षकांशी तीन गोष्टी आधी बोलून घ्या. परीक्षकांचा लेखी शेरा हातात मिळेल अशीच स्पर्धा निवडावी. नुसत्या क्रमांकातून अकरा वर्षांच्या मुलीला काही कळत नाही. परीक्षक तिचेच शिक्षक नसावेत. हा देश लहान, पाइपवाले सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हे स्पष्ट विचारण्यात वाईट वाटून घेऊ नका. आणि वर्षभर स्पर्धेचेच दोन संच घासून घेणार असतील तर नम्रपणे नाही म्हणा. माझ्या मुलांना मी ऑक्टोबर ते जानेवारी स्पर्धेच्या चालीला हातच लावू देत नाही.

त्या चार महिन्यांत तिला एक स्ट्रॅथस्पे द्या आणि गावातल्या केलीला, म्हणजे नाचाच्या रात्रीला, घेऊन जा. तिने आधी तो नाचून बघावा, मग चँटर हातात घ्यावा. आणि ती फिडलचे रील ऐकून स्वतः पाइपवर बसवते असं तुम्ही लिहिलं आहे, ते तिला करू द्या. नऊ सुरांत न बसणारा सूर आला की ती काय करते, कुठे वळते, हे मला फार ऐकावंसं वाटतं. जमलं तर एखादं ध्वनिमुद्रण पाठवा.